स्ट्रॉच्या चांदण्या

खट् असा आवाज झाला, मग पुन्हा खट्, मग जरा थांबून खट् खट् खट्, आणि मान वळवायच्या आधीच आउद्रोनेला कळलं की ही आपली आई आहे. कशावरून कळलं ते तिला सांगता आलं नसतं. हॅम्बर्गरच्या त्या दुकानात दुपारच्या सुट्टीत निम्मं शिकागो लोटल्यासारखी गर्दी असे. तळणाचा वास, ओल्या कोटांचा वास, दार उघडलं की सरोवरावरून येणारा बोचरा वारा आणि दार लावा म्हणून होणारी ओरड, या सगळ्यात स्ट्रॉच्या डब्याची दांडी कोणी दाबली तर ती ऐकू येण्याचं काही कारण नव्हतं. दांडी दाबली की एक स्ट्रॉ खाली पडते. माणूस कोल्ड्रिंक घेतो, एकदा दाबतो आणि जातो. इथे कोणीतरी जात नव्हतं. आउद्रोनेने पाहिलं. तपकिरी कोट, डोक्याला हनुवटीखाली बांधलेला लोकरीचा रुमाल, आणि उजवा गुडघा दुखतो म्हणून डाव्या पायावर भार टाकून उभं राहण्याची लकब. आई अंगठ्याने दांडी दाबत होती आणि पडलेली स्ट्रॉ दुसऱ्या हाताने उचलून खिशात घालत होती, न लपवता, न घाबरता, मंडईत शेंगा निवडाव्यात तशी. तिच्या पुढ्यात कोल्ड्रिंक नव्हतं, ताटली नव्हती, काहीच नव्हतं. आज गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून ती या भागात येणार होती हे आउद्रोनेला ठाऊक होतं. आपल्या ऑफिसकडे फिरकू नकोस असं तिनेच आईला सांगून ठेवलं होतं, आणि आई फिरकली नव्हती. ती नुसती स्ट्रॉ घ्यायला आली होती.

"ऑड्री, ती बघ, ती बघ," लॉरेन तिच्या कानाशी लागून म्हणाली. लॉरेन व्हिटकम विम्याच्या ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आणि दोघी रोज जेवायला बरोबर जायच्या. "बाईने घरी हत्ती पाळलाय वाटतं. सोंडेला पुरायला नकोत का एवढ्या!"

आणि आउद्रोने हसली. हे तिला पुढे कितीही वेळा घोळवून पाहिलं तरी पुसता आलं नाही. नुसती गप्प राहिली असती तर गप्प राहण्याला काहीतरी सबब सापडली असती: घाबरले, सुचलं नाही, जीभच रेटेना. पण ती हसली, आणि बऱ्यापैकी मोठ्याने हसली, कारण लॉरेनचा विनोद खरोखरच चांगला होता.

तेवढ्यात मॅनेजर गल्ल्यामागून बाहेर आला. बारीक टाय लावलेला, कपाळावर घाम आलेला माणूस. "ओ बाई! काय चाललंय काय? एका कोल्ड्रिंकला एक स्ट्रॉ. तुमचं कोल्ड्रिंक कुठाय?"

"कोल्ड्रिंक नको," आई तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "हे फक्त. इथे ठेवलं ना."

"घेणाऱ्यांसाठी ठेवलंय ते!"

"मग मी घेते."

रांगेत हशा पिकला. मॅनेजरही हसला असता, पण रांग बघत होती म्हणून त्याला रागवावं लागलं. "काढा त्या खिशातल्या. सगळ्या. इथे ठेवा." आईने खिशात हात घातला आणि मूठभर स्ट्रॉ काढून फळीवर ठेवल्या. मग आणखी मूठभर. मग जुडी दोन्ही हातांत धरून तिने ती फळीवर आपटून सारखी केली, कारण वेडीवाकडी जुडी तिच्याने बघवत नसे, मग ती परत द्यायची का असेना. एक बाई तोंडावर हात ठेवून हसत होती. आउद्रोनेला फक्त चार शब्द बोलायचे होते: ही माझी आई आहे. त्यापुढे काही बोलावंही लागलं नसतं. मॅनेजर वरमला असता, लॉरेन ओशाळली असती, दोन दिवस ऑफिसात कानकोंडं वाटलं असतं आणि मग नाताळची सुट्टी लागली असती. ते चार शब्द तिच्या तोंडात जमले होते. तेवढ्यात आई दाराकडे जायला वळली आणि दोघींची नजरानजर झाली. आईने तिच्याकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या लॉरेनकडे पाहिलं, लॉरेनच्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग नजर खाली घालून ती अगदी जवळून, कोटाला कोट घासत, पुढे आली आणि म्हणाली, "जरा वाट द्या, मिस." आउद्रोने बाजूला झाली. आई गेली.

दुपारभर ती टंकलेखन यंत्रावर पत्रं बडवत राहिली. कुणाचं घर जळलं होतं, कुणाची गाडी घसरली होती, आणि अमुक कलमाप्रमाणे भरपाई देता येत नाही हे सगळ्यांना नम्रपणे कळवायचं होतं. समोर खिडकीशी ऑफिसचं नाताळचं झाड होतं. दरवर्षी प्रत्येकाने झाडासाठी एकेक शोभेची वस्तू आणायची अशी तिथली रीत होती, आणि ही रीत काढणाऱ्याला काचेच्या एका चांगल्या गोळ्यामागे किती दिवस जेवणाला कात्री लावावी लागते याची कल्पना नसावी. या वर्षी घरभाडं वाढलं होतं, आईच्या गुडघ्याचा खर्च वाढला होता. "कशाला विकत आणतेस गं?" आईने विचारलं होतं. "माझ्यातली एक ने की. बघू देत तुझ्या ऑफिसला." आणि बुटांच्या खोक्यातून तिने सगळ्यात देखणी चांदणी काढून दिली होती. पांढऱ्या प्लास्टिकच्या स्ट्रॉ बोटभर लांबीच्या कापून, आतून दोरा ओवून, त्रिकोणाला त्रिकोण जोडत केलेली. ती एका दोऱ्यावर टांगली की कुणी नुसतं जवळून गेलं तरी सावकाश फिरायची. ऑफिसात ती सगळ्यांना आवडली. काचेचे गोळे सोडून माणसं तिच्यापाशीच थांबत. "कुठून आणलीस?" लॉरेनने विचारलं होतं. त्या वेळीही एक साधं वाक्य पुरलं असतं. आउद्रोने म्हणाली होती, "आमच्या भागात एक बाई करते." हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज जमलं. आणि त्या संध्याकाळी आईने दारातच विचारलं होतं, "काय म्हणाले?" "आवडली सगळ्यांना." "कुणी केली म्हणून विचारलं असेल की." "विचारलं." "मग?" "सांगितलं," आउद्रोने म्हणाली होती, आणि आईने दुसऱ्या दिवशी नव्या चांदण्यांना सुरुवात केली होती.

तिकडे, म्हणजे लिथुआनियात, या चांदण्या धान्याच्या पोकळ काडाच्या करत. ते आउद्रोनेला आठवत नव्हतं. ती तिथून निघाली तेव्हा आईच्या कडेवर होती. तिला आठवत होती ती जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतली एक फांदी, आणि तिच्यावर टांगलेल्या चंदेरी कागदाच्या पट्ट्या. युद्धात रडारला चकवायला विमानांनी टाकलेल्या त्या पट्ट्या बायका शेतातून वेचून आणत. शिकागोत आल्यावर काड कुठून आणायचं? इथे काय, फूटपाथ पेरायचा? मग चर्चच्या सभागृहात बायका जमायच्या, त्यात कुणाला तरी स्ट्रॉ सुचल्या. पहिल्यांदा मेण लावलेल्या कागदाच्या, नंतर प्लास्टिकच्या. पोकळ, सरळ, पांढऱ्या, आणि मुख्य म्हणजे फुकट. शाळेतून येताना प्रत्येक मुलाने खिशातून दोन दोन आणायच्या असा दंडकच होता. आउद्रोनेही आणायची, आणि वर्गातल्या मेरी पॅटने ते पाहून "तुमच्या घरी ग्लास नाहीत का?" असं विचारल्यापासून आणायची बंद झाली. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. लाज वाटायला वय लागत नाही. पुढे शाळेत तिची ऑड्री झाली, नोकरी लागली तेव्हा शिम्कुते आडनावाचं सिम्स झालं, आणि प्रत्येक वेळी आईने फक्त एवढंच विचारलं, "त्याने सोपं जातं का तुला?" जात होतं. मग आईने हरकत घेतली नाही.

त्या दुपारी तिला एक गोष्ट सारखी आठवत होती आणि आठवून बरं वाटत होतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा आठवत होती. वडील वारल्यावर आई संध्याकाळी याच भागातल्या ऑफिसांत साफसफाईला यायची. घरी ठेवायला कुणी नसलं की आउद्रोनेला बरोबर आणायची आणि एखाद्या टेबलाखाली बसवून ठेवायची. पोरांना आणायची परवानगी नव्हती. एकदा एक साहेब विसरलेली छत्री न्यायला परत आला आणि त्याला टेबलाखाली बूट दिसले. "ही पोर तुझी का?" त्याने विचारलं. आई हातातलं फडकं पिळत म्हणाली, "नाही साहेब. शेजारच्यांची आहे. आज एक दिवस." तिचा आवाजच निराळा होता, पातळ, वाकलेला. म्हणजे आईसुद्धा एकदा नाही म्हणाली होती. आउद्रोनेने ही आठवण हातात धरून ठेवली. चार वाजेपर्यंत तिने ती अशी वापरली, आणि मग ती निकामी झाली. कारण आई तेव्हा नाही म्हणाली ती दोघींना रात्री जेवायला मिळावं म्हणून. आणि आपण? आपण कशासाठी? लॉरेनने आपल्याबरोबर जेवायला यावं म्हणून. बस, एवढ्यासाठी. दोन ताटं एका तराजूत घालून पाहिली तरी काटा आपल्याकडे झुकत नव्हता, आणि मनातल्या मनात असा हिशेब मांडून बसल्याचीच तिला नव्याने लाज वाटली.

घरी जाताना तिने ठरवलं होतं, दारात शिरल्या शिरल्या माफी मागायची. कोटसुद्धा न काढता. पण आई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती आणि तिच्या पुढ्यात, पिवळ्या दिव्याखाली, स्ट्रॉ होत्या. चांगल्या दोन मुठी. ती आगपेटीची काडी मापाला धरून नखं कापायच्या कात्रीने त्यांचे तुकडे करत होती.

"या कुठून आल्या?" आउद्रोनेच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, गंमत झाली आज," आई म्हणाली. "बस ना. सूप गरम आहे. डॉक्टर म्हणाला, गुडघ्यात वंगणच उरलं नाही. मी म्हटलं, मग तेल घाला, गाडीत घालता तसं. हसलाच नाही, मेला. मग एका दुकानात शिरले. तिथे स्ट्रॉचा डबा होता, दाबली की पडते, दाबली की पडते. लहान पोरासारखं दाबतच राहिले. तर तिथला एक टायवाला गाढव आला धावत. काढा म्हणाला खिशातल्या. काढल्या." ती थांबली, आणि हसू दाबत तिने कात्री वर धरली. "उजव्या खिशातल्या. डाव्या खिशात त्याने बघितलंच नाही."

ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. आउद्रोने उभीच होती. आता, तिने स्वतःला सांगितलं, आता बोल. "आई, लोक होते का तिथे?"

"होते की. रांग होती मोठी." आईने दोरा मेणबत्तीवर घासला, म्हणजे तो आतून सरळ जातो. "माझ्या अगदी जवळ दोन बायका होत्या. चांगल्या घरच्या वाटल्या. त्यातली एक हसत होती."

"आणि दुसरी?"

"दुसरी नव्हती हसत," आई म्हणाली. "तिला वाईट वाटत होतं. चेहऱ्यावरून कळतं माणसाच्या. भाकरी घे ना, अशी काय उभी आहेस?"

आउद्रोनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई रागावली असती, रडली असती, ताट आपटलं असतं, तर तिला पाय धरता आले असते. पण आईने तिच्यासाठी सगळं आवरून ठेवलं होतं. झाडून, पुसून, खुर्च्या जागेवर लावून ती खोली तिच्या हवाली केली होती, आणि आता पुन्हा तिथे चिखलाचे पाय घेऊन शिरायचं कसं? ती सूप प्यायली. मग हात धुऊन आईच्या समोर बसली आणि दोघींनी मिळून चांदण्या केल्या. तीन तुकड्यांचा एक त्रिकोण, त्याच्या डोक्यावर आणखी दोन तुकडे, मग गाठ. आई म्हणाली, "ओढू नकोस एवढं, स्ट्रॉ चिरते." एवढंच. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत झाड सजवायचं नाही ही त्यांची जुनी रीत. तोवर चांदण्या बुटांच्या खोक्यात जमत होत्या, आणि आउद्रोने रोज ठरवत होती की झाड सजवायच्या संध्याकाळी, मासा आणि खसखशीचं दूध टेबलावर मांडलं की, आईच्या हातातल्या, चर्चमधून आणलेल्या पवित्र पापडीचा तुकडा मोडून घेताना आपण तिला सगळं सांगू. तशी त्या जेवणाआधी एकमेकांची क्षमा मागायची रीतच आहे. रीत म्हणून मागितली की जड जात नाही.

ती संध्याकाळ यायच्या आधी शनिवार आला. आउद्रोने नुकतीच न्हाली होती आणि आतल्या खोलीत केस पुसत होती, तेव्हा खाली बेल वाजली. जिना चढून येणारी पावलं टाचांच्या बुटांची होती. आईने दार उघडल्याचं तिने ऐकलं आणि मग लॉरेनचा आवाज आला.

"माफ करा हं, ऑड्री सिम्स इथेच राहतात ना? ऑफिसातून पत्ता घेतला, इकडून चाललेच होते, म्हटलं त्या चांदण्या कोण करतं ते विचारावं... अय्या! तुम्ही? तुम्ही त्या दिवशी, त्या दुकानात..."

"हो," आई म्हणाली. "मी. स्ट्रॉवाली."

आउद्रोनेचा हात केसांतच राहिला. दोन खोल्यांच्या मधलं दार अर्धं उघडं होतं. त्यातून तिला आईचा खांदा आणि ॲप्रनची मागची गाठ दिसत होती. आईने ती गाठ मागे हात नेऊन चाचपली आणि घट्ट केली. आणि मग तोच आवाज आला, तो पातळ, वाकलेला, टेबलाखालून ऐकलेला. "मिस आत आहेत. न्हातात. तुम्ही बसा. मी इथे कामाला येते, शनिवारी. मिस फार चांगल्या."

आपण बाहेर जायला हवं. आउद्रोने बाहेर गेली. टॉवेल डोक्याला गुंडाळलेला, पायांत घरातल्या सपाता. फक्त उंबरा ओलांडून सांगायचं होतं. पण आई वळली आणि तिने लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, हुकूम होता, लहानपणी चर्चमध्ये चुळबुळ केली की मिळायचा तसला. "मिस, ही बाई चांदण्या विचारते. त्या मी करते ना."

"म्हणजे तुझ्या भागातली बाई ती हीच!" लॉरेन टाळी वाजवून म्हणाली. "अगं, मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तुझ्या नाकासमोर उभी होती की ही."

"मिसने पाहिलं नाही मला," आई चटकन म्हणाली. "रुमाल होता डोक्याला. गर्दी."

"आणि मी हत्तीचा विनोद करत होते! किती वाईट दिसलं ते." लॉरेन खरंच लाल झाली होती. ती वाईट नव्हती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. "आणि या स्ट्रॉपासून इतकं सुंदर! हिचं नाव काय गं?"

हिचं नाव काय. आउद्रोनेने तोंड उघडलं. आयुष्यात तिने आईला नावाने हाक मारली नव्हती. कागदांवर लिहिलं होतं, दवाखान्यात सांगितलं होतं, पण आई समोर उभी असताना, तिच्याकडे बघत, कधीच नाही.

"तेक्ले," ती म्हणाली.

"तेक्ले, मला हव्यात तुमच्या चांदण्या. सासूबाईंकडे मोठं झाड असतं. जेवढ्या असतील तेवढ्या द्या."

आईने बुटांचं खोकं आणलं, झाकण काढलं आणि एकेक चांदणी दोऱ्याला धरून वर उचलून दाखवली. त्यांत आउद्रोनेने केलेल्याही होत्या, जरा जास्त ओढलेल्या, कडेला चिरलेल्या. त्या आईने हळूच बाजूला काढल्या आणि बाकीच्या सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. लॉरेनने नोटा दिल्या. आईने त्या न बघता ॲप्रनच्या खिशात घातल्या आणि दोनदा थँक्यू म्हणाली. मग ॲप्रन काढून खुंटीला लावला. कोट चढवला. रुमाल बांधला. "मी जाते, मिस. भांडी झाली. सूप शेगडीवर आहे, बंद करायला विसरू नका." आणि ती आपल्याच घरातून बाहेर पडली, पायऱ्या उतरताना कठड्याला धरत, एक पाय, मग दुसरा पाय, आणि प्रत्येक पायरीचा आवाज वर ऐकू येत होता.

आउद्रोनेने कॉफी टाकली. हात आपापलं काम करत होते, कप शोधत होते, साखर शोधत होते, परक्याच्या घरात असल्यासारखे चुकीचं कपाट उघडत होते. लॉरेन सासूबद्दल बोलत होती. मग ती खिडकीशी गेली. समोर एकाहत्तराव्या रस्त्याचा कोपरा दिसतो, तिथे बसथांबा आहे. "ऑड्री," ती म्हणाली, "ती अजून तिथेच आहे. आत्ता बस येऊन गेली, पण चढलीच नाही. बर्फ पडतोय गं. मी जाताना सोडते तिला गाडीने. राहते कुठे ती?"

आउद्रोने जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा तिच्या अंगात कोटही नव्हता. डोक्यावरचा टॉवेल वरच गळून पडला असावा, कारण ओल्या केसांना वारा लागताच डोकं दुखू लागलं. रस्ता ओलांडताना एका गाडीने भोंगा वाजवला. आई थांब्याच्या खांबाला टेकून उभी होती, उजवा गुडघा किंचित उचलून.

"वेडी झालीस का?" आई आपल्या भाषेत, आपल्या आवाजात म्हणाली. "ओल्या केसांनी? न्यूमोनिया होऊन मरशील."

"चल वर. चल, आई. मी सांगते तिला."

"काय सांगतेस?"

"खरं काय ते."

"आत्ता?" आईने तिच्या केसांवरचा बर्फ झटकला, मग चटकन हात मागे घेतला आणि खिडकीकडे पाहिलं. "आता सांगितलंस तर दोघी खोट्या ठरू, पोरी. मघाशी मी एकटीच होते. माझं काय जातंय?"

"पण मला नको आहे हे! मी कधी म्हटलं होतं तुला, असं कर म्हणून?"

"नाही म्हणालीस," आई म्हणाली. तिने नुसतं सांगितलं, सुनावलं नाही. पण खरंच, म्हणावं लागलंच नव्हतं. "ती बघतेय वरून. हात कर तिला." आणि लेकीने केला नाही म्हणून आईनेच हात वर केला. मान जराशी झुकवून ती खिडकीकडे बघून हसली, एखाद्या भल्या मालकिणीच्या घरातून काम आटोपून निघालेल्या बाईसारखी. वरून लॉरेननेही हात केला. तेवढ्यात पुढची बस आली. "मी चर्चमध्ये बसते तासभर. तिथे गरम असतं. तिला खसखशीचा केक दे, वरच्या फळीवर मागे ठेवलाय, फडक्यात. जाडसर काप. उगाच पातळ कापून लाज घालवू नकोस." पायरी उंच होती. आईने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ड्रायव्हरने "सावकाश, आजीबाई" म्हटल्याचं ऐकू आलं. दार मिटलं.

जिना चढताना आउद्रोनेचे दात वाजत होते आणि ते वाजत होते याचं तिला बरं वाटत होतं. काहीतरी भोगतोय असं वाटत होतं. दार उघडंच होतं. लॉरेनने शेगडी बंद केली होती आणि टॉवेल उचलून खुर्चीवर ठेवला होता.

"अगं, काय झालं? काही विसरली होती का ती?"

"ती माझी आई आहे," आउद्रोने म्हणाली.

शब्द बाहेर आले. अगदी स्वच्छ, हवे होते तसेच, दुकानात तोंडात जमले होते ते आणि तेवढेच. तिला वाटलं आता काहीतरी होईल. लॉरेनचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन आउद्रोनेचे गार हात आपल्या हातांत घेतले.

"हो गं," ती म्हणाली. "मला का कळत नाही? आमच्याकडे कामाला डेला होती. मी पाळण्यात होते तेव्हापासून. मीसुद्धा सगळ्या जगाला हेच सांगायचे, ही माझी आई म्हणून. माझ्या खऱ्या आईला इतका राग यायचा! आणि बघ, थंडीत अशी धावलीस तिच्यासाठी, ओल्या केसांनी. ऑफिसात कुणाला ठाऊक तरी आहे का, तू इतक्या मऊ मनाची आहेस ते?"

नाही, असं नाही, तसं नाही म्हणत मी. हे एवढंच पुढचं वाक्य होतं. ते अवघडही नव्हतं. आतल्या खोलीत फोटो होता, दोन पलंग होते, एका पलंगाखाली गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती. हाताला धरून लॉरेनला तिथे नेलं असतं तरी पुरलं असतं, बोलावंही लागलं नसतं. लॉरेन तिचे हात चोळून ऊब आणत होती आणि तिच्याकडे इतक्या मायेने पाहत होती, जितक्या मायेने या शहरात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.  आउद्रोनेने हात सोडवून घेतले, वरच्या फळीवरचं फडकं काढलं आणि केक कापायला घेतला. जाडसर कापला. आणि सुरी खाली ठेवताना तिला जे वाटलं, ते आधी तिला ओळखताच येईना, कारण इतके दिवस तिला लाजेखेरीज दुसरं काही वाटलंच नव्हतं. तिला हायसं वाटत होतं.